मागच्या बाकापर्यंत उजेड: नगर जिल्ह्यातल्या एका चर्चच्या लायटिंगचं प्रकरण

नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, एका तालुक्याच्या गावातलं मराठी चर्च. गावाचं, मंडळीचं, माणसांचं नाव देत नाहीये, काही बारीकसारीक तपशीलही बदललेत, पण निर्णय जसे झाले तसेच लिहितोय. मी इलेक्ट्रिकलचं काम करतो आणि या कामात कमिटीबरोबर पहिल्या बैठकीपासून होतो. हे सगळं लिहायचं कारण असं की चर्चच्या लायटिंगचा विषय निघाला की पैसा आणि चर्चा दोन्ही वेदीकडे जातात, आणि मंडळी जिथे तास-दीड तास बसते, गाते, वाचते तिथल्या उजेडाकडे कोणी बघत नाही. इथे निदान शेवटी तरी तिकडे बघितलं गेलं.

पार्श्वभूमी

अमेरिकन मराठी मिशनचं अहमदनगरचं काम १८३१ मध्ये सुरू झालं आणि पुढच्या काळात जिल्ह्यात गावोगाव चर्चेस उभी राहिली, १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाल्यावर त्यातली बरीचशी त्यात आली. हे त्यातलंच एक. काळ्या दगडाच्या जाड भिंती, चुन्यातलं बांधकाम, छताचा भार घेणाऱ्या सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं. आतला हॉल साधारण ६० फूट बाय ३० फूट, कैच्यांच्या आडव्या तुळया जमिनीपासून १६ फुटांवर, मागच्या बाजूला लाकडी गॅलरी. बांधलं तेव्हा गावात वीज नव्हती, त्यामुळे उंच खिडक्या ठेवल्या आणि उपासना दिवसाउजेडी व्हायची, संध्याकाळी काही असेल तर कंदील नाहीतर पेट्रोमॅक्स. थोडक्यात ही इमारत दिवसाच्या उजेडासाठी बांधलेली आहे आणि रात्रीच्या उजेडाचा विचार तिच्यात कोणी कधी केलेलाच नव्हता.

वीज आली तेव्हा लाकडी केसिंग-कॅपिंगच्या पट्टीतून वायरिंग झालं. त्यानंतर दिवे वाढत गेले ते दानातून. कोणाचे वडील गेले, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोणाचं लग्न झालं, की नाताळच्या आधी एक ट्यूबलाइट किंवा पंखा चर्चला दिला जायचा, त्यावर ऑइलपेंटने नाव आणि "यांच्या स्मरणार्थ". आम्ही मोजलं तेव्हा भिंतीवर १४ ट्यूबा होत्या, मधे टांगलेले ५० वॅटचे ४ एलईडी बल्ब, आणि वेदीच्या वर १०० वॅटचे ३ फ्लडलाइट, जे खरंतर मैदानात लावायचे असतात. प्रत्येक दिवा प्रेमाने दिलेला होता, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नव्हता.

अडचण काय होती

तक्रार आली ती आधी ऑनलाइन उपासनेवरून. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोबाईलवरून लाइव्ह सुरू केलं ते पुढेही चालू राहिलं, कारण पुण्या-मुंबईला गेलेली मुलं आणि घरी अंथरुणावर असलेली म्हातारी माणसं बघतात. तर त्या व्हिडिओत काळ्या आडव्या पट्ट्या सरकत राहायच्या आणि पाळकसाहेबांचा चेहरा राखाडी दिसायचा. तरुण संघाचं म्हणणं होतं की वेदीवर चांगले लाइट लावा, प्रश्न मिटला.

महिला मंडळाच्या बैठकीत मात्र वेगळंच निघालं. मागच्या अर्ध्या बाकांवर बसणाऱ्यांना, म्हणजे नेमकं जिथे वयस्कर बायका बसतात तिथे, गीताचं पुस्तक वाचताच येत नव्हतं. ज्यांना गीतं पाठ त्या गायच्या, बाकीच्या ओठ हलवायच्या. शास्त्रपाठाच्या वेळी पुस्तक उघडून मांडीवर ठेवायचं आणि नुसतं ऐकायचं. एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात, त्या म्हणाल्या की गेली काही वर्षं मी संध्याकाळच्या उपासनेला येणंच सोडलंय, समोरच्या फ्लडलाइटने डोळे दिपतात आणि मग पुस्तकात बघितलं की सगळं काळंच दिसतं.

लक्समीटर, म्हणजे उजेड मोजायचं यंत्र, घेऊन रात्री मोजलं. वेदीसमोर ४०० लक्सच्या आसपास, मधल्या बाकांवर ७० ते ९०, गॅलरीच्या खाली ३० ते ४०. म्हणजे उजेड कमी होता हे अर्धंच खरं. तो एका जागी साठला होता आणि डोळा समोरच्या लख्ख भागाला सरावला की मांडीवरचं पान त्याला आणखी अंधारं वाटतं. साठीच्या पुढच्या माणसाच्या डोळ्यातून आत पोहोचणारा प्रकाश तरुण माणसापेक्षा बराच कमी असतो, बाहुली लहान होते, भिंगाला पिवळटपणा येतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर ग्लेअर, म्हणजे डोळे दिपवणारा झगमगाट, जास्त त्रास देतो. त्यामुळे जो प्रश्न तरुणांना दिसतच नव्हता तो आजींना रोज दिसत होता.

तिसरी गोष्ट वायरिंगची. आधीच्या पावसाळ्यात एका पट्टीतून जळका वास आला होता, वायरमनने जॉइंट बदलून टेप मारली आणि विषय तिथेच थांबला. वर सागवानी कैच्या आणि खाली ही वायर. मला स्वतःला याची सगळ्यात जास्त काळजी होती.

पर्याय

पहिला पर्याय सरळ: ट्यूबा काढून त्याच जागी एलईडी ट्यूबा. स्वस्त, एका शनिवारी काम संपतं. पण दिवे भिंतीवरच राहणार, मधल्या बाकांना काही मिळणार नाही आणि वायरिंग तसंच. खजिनदारांचा कल इकडे होता आणि त्यांची बाजू समजण्यासारखी होती, हातात दोन लाख होते आणि कौलं शेकारायचं कामही पुढे उभं होतं.

दुसरा पर्याय एका कॉन्ट्रॅक्टरने आणला, पीओपीचं फॉल्स सीलिंग आणि त्यात चौकोनी पॅनल. फोटो दाखवले, छान दिसत होते, बऱ्याच जणांना आवडलं. मला हे अजिबात पटलं नव्हतं आणि मी बैठकीत तसं स्पष्ट बोललो. कैच्यांवर नवा भार, कौलातून गळणारं पाणी थेट पीओपीवर, वर कोंडलेली हवा आणि वाळवी लागली तर कोणाला दिसणारच नाही. शिवाय त्या उंच छताखाली गायनाला जी घुमारदार साथ मिळते ती गेली असती. पाळकसाहेबांनी एकच विचारलं, "छत झाकल्यावर आपल्या चर्चमधलं काय उरेल?" मग त्यावर फार वाद झाला नाही.

तिसरा पर्याय साऊंड सिस्टीमवाल्याचा: डीएमएक्सवर, म्हणजे स्टेजच्या दिव्यांच्या कंट्रोल पद्धतीवर, चालणारे रंगीत लाइट, छोटा कंट्रोलर, लॅपटॉप. तरुण संघ खूश होता. यात वाईट काही नाही, मोठ्या शहरांतल्या काही चर्चेसमध्ये असं असतं आणि तिथे ते चालवायला टीम असते. इथे मी विचारलं की रविवारी सकाळी साडेआठला लॅपटॉप सुरू झाला नाही तर कोण बघणार, तर दोन नावं आली, आणि त्यातला एक जण जूनमध्ये शिकायला बाहेरगावी जाणार होता.

चौथा पर्याय, जो शेवटी झाला: आधी सगळं वायरिंग नवं, मग कैच्यांच्या तुळयांवरून खाली टांगलेले मंद करता येणारे एलईडी, छतावर वरच्या दिशेने थोडा प्रकाश, गॅलरीखाली वेगळे छोटे दिवे, आणि वेदीसाठी अगदी मोजके. खर्च हातातल्या पैशांच्या दुपटीपेक्षा जास्त.

निर्णय कसे झाले

किती उजेड हवा हे आधी ठरवलं आणि दिवे नंतर निवडले, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. बसलेल्या माणसाच्या हातातल्या पुस्तकावर सरासरी २०० लक्स, आणि कुठल्याही बाकावर १५० च्या खाली नाही. हॉल १६७ चौरस मीटर, गुणिले २०० म्हणजे ३३ हजार ४०० लुमेन (लुमेन म्हणजे उजेडाचं एकूण माप, चौरस मीटरमागे एक लुमेन म्हणजे एक लक्स) पुस्तकांच्या पातळीवर पोहोचायला हवेत. छत गडद, भिंती गडद, वर धूळही बसणार, म्हणून दिव्यातून निघालेल्यातलं अर्धंच पोहोचेल असं धरलं, म्हणजे साधारण ६७ हजार लुमेन. कैच्या आठ, प्रत्येकीवर दोन दिवे, असे १६. एकेक ४० वॅटचा, सुमारे ४२०० लुमेनचा. गणित तुळयांच्या जागांशी जुळलं हे आमचं नशीब, नाहीतर मधे आडवे पाइप टाकावे लागले असते.

पण कागदावरच्या गणितावर खरेदी करायची नाही असं ठरलं. आधी नमुने. एका कैचीवर तात्पुरते दिवे टांगले आणि लागोपाठचे काही रविवार संध्याकाळी लोकांना खाली बसवून वाचायला लावलं. सुरुवातीला दिवा मधोमध, वाटेच्या वर होता, कारण तो तिथे दिसायला चांगला. बाईंना मागून तिसऱ्या बाकावर बसवलं, हातात बारीक टाइपाचं पवित्र शास्त्र, स्तोत्रसंहिता उघडलेली. मी विचारलं, "बाई, आता दिसतंय का?" त्यांनी पुस्तक थोडं लांब धरलं, मग जवळ, मग मान तिरकी केली. "अक्षर दिसतंय रे, पण माझ्याच खांद्याची सावली पानावर पडतेय, ती हलव." दिवा मधून काढून बाकांच्या रांगेच्या बरोबर वर, त्यांच्या किंचित पुढे सरकवला आणि त्या मोठ्याने वाचायलाच लागल्या. वाटेवर एक रांग की बाकांवर दोन रांगा, हा वाद तिथेच संपला. त्याच दिवशी हेही ठरलं की दिव्यातला एलईडी आत खोल हवा, म्हणजे समोर वेदीकडे बघताना तो डोळ्यात येत नाही.

रंगाचा वाद जास्त चालला. आपल्याकडे पांढराशुभ्र म्हणजे लख्ख आणि पिवळसर म्हणजे अंधुक हे डोक्यात पक्कं बसलंय. ६५०० केल्विनचा पांढरा दिवा आणि ३००० केल्विनचा पिवळसर दिवा शेजारीशेजारी लावले, दोन्हीखाली मीटर ठेवून आकडा सारखा करून दाखवला, आणि मग त्याखाली माणसं उभी केली. पांढऱ्याखाली सावळे चेहरे राखेसारखे दिसत होते, साड्यांचा लाल रंग मेला होता, ३००० च्या दिव्याखाली लाकूड आणि माणसं दोन्ही जिवंत दिसली. यात फक्त केल्विनचा भाग नाही, सीआरआय नावाचा आकडा असतो, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा. स्वस्त दिव्यांत तो ८० च्या आसपास किंवा त्याहून कमी, आम्ही ९० चा घेतला. व्हिडिओतला राखाडी चेहरा मुख्यतः यामुळेच सुधारला. काही जणांचं मत शेवटपर्यंत पांढऱ्याच्या बाजूने राहिलं, ते मिनिट्समध्ये नोंदवलं गेलं आणि हेही बरोबरच झालं.

मग डिमिंग, म्हणजे उजेड कमीजास्त करायची सोय. डाली ही डिजिटल पद्धत उत्तम, एका लाइनवर ६४ पत्ते देता येतात, प्रत्येक दिवा वेगळा चालवता येतो, पण बिघाड झाला तर तालुक्याच्या गावात ते प्रोग्रॅम करणारा माणूस मिळत नाही. वायफायचे स्मार्ट बल्ब सुचवले गेले, पण राउटर बदलला की सगळं परत जोडत बसा. पंख्याच्या रेग्युलेटरसारखे साधे डिमर एलईडीवर लावले की खालच्या टोकाला दिवे थरथरतात. आम्ही १-१० व्होल्टची पद्धत घेतली. प्रत्येक गटाला पॉवरच्या वायरबरोबर दोन बारीक वायरी जास्त, भिंतीवर गोल नॉब, संपलं. याचा एक गुण मला विशेष आवडतो: ती बारीक वायर कुठे तुटली तर दिवा विझत नाही, पूर्ण उजेडावर जातो. उपासनेच्या मधोमध बिघाड व्हायचाच असेल तर तो असा व्हावा.

कॅमेऱ्यातल्या पट्ट्यांचं कारणही सांगतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त ड्रायव्हरवरचा, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज देणाऱ्या स्वस्त डबीवरचा, एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, किंवा मंद करताना तो वेगाने चालू-बंद केला जातो, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. नमुना घेताना प्रत्येक दिवा पूर्ण, अर्धा आणि अगदी मंद अशा तीन पातळ्यांवर मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये तपासला. दुकानात चांगले वाटलेले काही दिवे इथेच बाद झाले.

आणि स्मरणार्थ दिलेल्या दिव्यांचं काय करायचं? हा सगळ्यात नाजूक निर्णय होता आणि त्याला तांत्रिक उत्तर नाही. काढलेल्या ट्यूबवर ज्याच्या वडिलांचं नाव आहे त्याला ती भंगारात गेलेली दिसली तर काय वाटेल. पाळकसाहेब आणि सेक्रेटरी, दोघेही त्या प्रत्येक घरी जाऊन बसले, फोनवर उरकलं नाही. ठरलं असं की सगळी नावं दाराजवळ एका दगडी पाटीवर येतील, दान दिल्याच्या वर्षाच्या क्रमाने, आणि इथून पुढे कुठल्याही वस्तूवर नाव लिहिलं जाणार नाही. एक घर नाराज होतं, त्यांनी आपली ट्यूब परत मागितली, ती पुसून, कागदात गुंडाळून त्यांना दिली.

पैशांची जुळवाजुळव सुगीच्या सणाच्या लिलावात झाली. दरवर्षी शेतातलं आणलेलं धान्य, भोपळे, कोंबड्या, लोणची यांचा लिलाव होतोच, त्या वर्षी तो लायटिंगसाठी म्हणून जाहीर केला आणि एक भोपळा परत परत विकला गेला. बाहेरगावी असलेल्या मुलांनीही बरंच पाठवलं. मालमत्ता ट्रस्टच्या नावावर असल्यामुळे वरची लेखी परवानगी घेतली, तीन कोटेशन फाइलला लावली, याला वेळ गेला पण पुढे कोणी बोट ठेवू शकलं नाही.

काम

काळ निवडला तो उपवासकाळाचा, भस्म बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा, कारण या दिवसांत लग्नं लागत नाहीत. मे महिना लग्नांचा, पुढे पावसाळा, डिसेंबरचा प्रश्नच नाही. दर शनिवारी दुपारी चाकांची परांची एका कोपऱ्यात ढकलायची, बाक पुसायचे आणि रविवारची उपासना तात्पुरत्या दिव्यांत करायची.

पट्ट्या उघडल्यावर जे दिसलं ते अपेक्षेपेक्षा वाईट होतं. अर्थिंगची वायरच नव्हती. जुन्या वायरवरचं रबर बोटाने दाबलं की भुगा होऊन खाली पडत होतं. ५०० व्होल्टच्या मेगरवर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) किमान १ मेगोह्म यायला हवा, इथे काही सर्किटला काटा शून्याच्या जवळून हलेना. पंखे, दिवे, माइक सगळं एकाच फ्यूजवर. हे खजिनदारांना वर चढवून दाखवलं, त्यानंतर वायरिंगच्या खर्चावर त्यांनी एकदाही हरकत घेतली नाही, उलट बैठकीत तेच बाजू मांडत होते.

नवं वायरिंग आग लवकर न पकडणाऱ्या, कमी धूर करणाऱ्या वायरचं, लायसन असलेल्या कॉन्ट्रॅक्टरकडून, दिव्यांची आणि पंख्यांची सर्किट वेगळी, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), नवं अर्थिंग. दगडी भिंतीत झिऱ्या मारायच्या नाहीत अशी अट होती, म्हणून पाइप बाहेरूनच गेले, पण दरजांच्या रेषेतून आणि भिंतीच्या रंगाचे. तुळयांना एकही भोक पाडलं नाही, लोखंडी क्लॅम्प बनवून घेतले आणि लाकूड दबू नये म्हणून आत रबराची पट्टी.

ड्रायव्हर कुठे ठेवायचे यावर मी अडून बसलो होतो. एलईडी सहसा टिकतो, आधी जातो तो ड्रायव्हर. तो दिव्याच्या आत असेल तर दर वेळी बाकांच्या मधे परांची उभी करा. म्हणून ड्रायव्हर वेगळे, भिंतीलगत तुळईच्या टोकाला डब्यांत, जिथे भिंतीला शिडी टेकवून एक माणूस पोहोचतो. हे ड्रायव्हर ठराविक करंट देणारे असतात त्यामुळे पुढच्या काही फूट वायरने उजेडात फरक पडत नाही.

जोडणी झाल्यावर उजवीकडचा एक गट काही केल्या वर येईना, नॉब पूर्ण फिरवला तरी सगळे दिवे मिणमिणते. एका ड्रायव्हरच्या त्या दोन बारीक वायरी उलट्या लागल्या होत्या आणि तो एकटा सगळ्या गटाला खाली ओढत होता. एकेक डबा उघडून सोडवत गेलो तेव्हा सापडला. असं कुठे झालं तर दिवे बदलायला धावू नका, आधी या दोन वायरी बघा.

स्विचबोर्ड आधी वेदीच्या मागच्या खोलीत होता, जिथून हॉल दिसतच नाही. तो मागे दाराजवळ आणला, म्हणजे चालवणाऱ्याला मंडळी जे बघते तेच दिसतं. चार नॉब, मराठीत नावं: पुढचे बाक, मागचे बाक, छत, वेदी. गॅलरीखालच्या छोट्या दिव्यांना साधा स्विच, ते मंद करायची गरज नाही. पडद्यावर गीताचे शब्द असतात तेव्हा फक्त पुढचे बाक थोडे उतरवायचे, मागच्यांच्या पुस्तकाला हात लावायचा नाही. अर्ध्यावर आणलेला उजेड डोळ्याला अर्धा वाटत नाही, सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटतो, म्हणून नॉबवर आकड्यांऐवजी लाल ठिपके केले, उपासना, प्रार्थना, सफाई.

निकाल

पुस्तकाच्या पातळीवर मधे २२० ते २५०, मागच्या बाकांवर आणि गॅलरीखाली १८० च्या आसपास. व्हिडिओतल्या पट्ट्या गेल्या आणि वेदीवर २० वॅटचे चारच दिवे पुरले, कारण आजूबाजूचा उजेड सारखा झाल्यावर वेदी उठून दिसायला तिथे आग ओकावी लागत नाही. छतावर सोडलेला प्रकाश लाकडावरून मऊ होऊन खाली येतो, आणि कैच्यांची सुतारकी किती सुंदर आहे हे गावातल्या कित्येकांनी पहिल्यांदा बघितलं. माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात जास्त समाधान देणारी गोष्ट मात्र आवाजाची आहे: मागच्या बाकांवरून गाणं ऐकू यायला लागलं. माणसं शब्द वाचू शकली की तोंड उघडतात.

बाई संध्याकाळच्या उपासनेला परत यायला लागल्या आणि आता त्यांच्याबरोबर त्यांच्या गल्लीतल्या दोघी-तिघी असतात.

पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, पहाटेच्या उपासनेला या डिमिंगचा पहिला खरा उपयोग झाला. मंडळी अंधारात मेणबत्त्या घेऊन आत आली, आणि पहिल्या गीताबरोबर छताचा उजेड हळूहळू वर आणला. चर्चच्या शिपाईमामांनीच तो नॉब फिरवला, त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही.

वीज बिलाबद्दल मात्र खरं सांगायला हवं. आधीचा एकूण भार चोक धरून साधारण १२०० वॅट, आताचा पूर्ण उजेडावर ९७० च्या आसपास. चर्च आठवड्यातून काही तासच लागतं, त्यामुळे बचत महिन्याला काही युनिटचीच. एलईडी लावा आणि दोन वर्षांत पैसे वसूल, असं कोणी कमिटीला सांगत असेल तर तासांचा हिशेब मांडायला सांगा. दुकान किंवा कारखाना रोज दहा-बारा तास चालतो, तिथलं गणित इथे लागू होत नाही. हे काम सुरक्षिततेसाठी आणि वाचता यावं म्हणून करायचं असतं आणि लोकांना तसंच सांगून पैसे मागावेत.

वेगळं काय करता आलं असतं

सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे व्होल्टेज एकदम उसळलं तर उपकरणं वाचवणारं साधन. मूळ यादीत होता, खर्च वाढला तेव्हा कमिटीने तो पुढच्या वर्षावर टाकला, आणि पहिल्याच वळवाच्या पावसात वीज कडाडली तेव्हा तीन ड्रायव्हर गेले. त्यानंतर बसवला. ग्रामीण फीडरवर व्होल्टेज कसं वरखाली होतं हे आपल्याला माहीत आहे, तिथे हा जास्तीचा खर्च म्हणून धरूच नये, आणि ड्रायव्हर घेतानाच व्होल्टेजची रेंज मोठी असलेला घ्यावा.

इन्व्हर्टरचं सर्किट नंतर वेगळं काढावं लागलं. आता १६ पैकी ४ दिवे आणि दाराजवळचा एक त्यावर आहेत, लाइट गेली तर वाट दिसते आणि उपासना थांबत नाही. हे सुरुवातीच्या नकाशात असतं तर दोन पाइप परत उघडावे लागले नसते.

छतावर प्रकाश टाकणाऱ्या पट्ट्या वर उघड्या आहेत, त्यांच्यावर धूळ आणि पारव्यांची घाण साचते. आधी खिडक्यांच्या वरच्या झरोक्यांना जाळी, मग दिवे, असा क्रम हवा होता. जाळी आता लागलीये, आणि वर्षातून दोनदा, पुनरुत्थान सणाच्या आणि नाताळच्या आधी, पट्ट्या पुसायचं तरुण संघाने अंगावर घेतलंय.

महिला मंडळाला पहिल्याच बैठकीला बोलवायला हवं होतं. मागच्या बाकांची तक्रार योगायोगाने कानावर आली, नाहीतर सगळे पैसे वेदीच्या लाइटवर गेले असते आणि व्हिडिओ सोडून काहीच बदललं नसतं. दुसऱ्या कोणत्या चर्चमध्ये असं काम निघालं तर मी आता कोटेशन मागवायच्या आधी संध्याकाळी, रोजचे दिवे लावून, सगळ्यात वयस्कर चार-पाच जणांना त्यांच्या नेहमीच्या जागेवर बसवून वाचायला सांगतो, आणि त्या वेळी कमिटीच्या लोकांना शेजारी उभं करतो.

राहिलेलं काम म्हणजे बाहेरच्या पोर्चचं आणि पायऱ्यांचं. पायरीची कड रात्री दिसत नाही, तिथे उतरताना माणसं अजून एकमेकांचा हात धरतात. त्यासाठीची पाइपलाइन आधीच टाकून ठेवली आहे, दोन जादा ड्रायव्हर आणि सगळ्या सर्किटचा नकाशा सेक्रेटरींच्या कपाटात आहे, आणि पुढच्या सुगीच्या लिलावाचे पैसे त्यासाठी बाजूला काढायचा ठराव झालेला आहे.